गायक विद्यार्थ्यांच्या गळ्याचाही विचार व्हावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन युवा महोत्सवांच्या निकालांना आपल्या दैनिकात दरवर्षी चांगली जागा मिळते. कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयाने मुंबईत जाऊन समूहगानाचे पारितोषिक पटकावले, तर त्या संघाचे छायाचित्रही आपण आवर्जून छापता, याबद्दल प्रथम आपले आभार मानते. मात्र त्या छायाचित्रात करंडक उंचावून उभ्या असलेल्या सहा गायकांपैकी किती जणांना दुसऱ्या दिवशी धड बोलता येत होते, हे वाचकांना कळण्याची सोय नसते. रत्नागिरीत बरीच वर्षे महाविद्यालयीन मुलामुलींची समूहगाने बसवल्यामुळे मला ते जवळून पाहायला मिळाले आहे आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे. गायक विद्यार्थ्याचा हंगाम आखताना विद्यापीठ, महाविद्यालय, स्पर्धांचे आयोजक, मार्गदर्शक आणि पालक असे आपण सगळेच पोशाखापासून प्रवासभाड्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा हिशेब करतो, परंतु ज्याच्या जोरावर हे सारे चालते त्या गळ्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा हंगाम किती लांबतो, याची कल्पना संगीताशी संबंध नसलेल्या वाचकांना बहुधा नसेल. मुंबई विद्यापीठाचा विस्तार पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. ऐन पावसाळ्यात विभागीय फेऱ्या होतात आणि त्यांतून निवडलेले संघ अंतिम फेरीसाठी मुंबईला जातात. मध्येच भाद्रपद येतो. आमच्याकडे गणपतीत वाडीतल्या प्रत्येक घरी आरतीला जाण्याची रीत आहे, आणि चांगल्या गळ्याचा मुलगा असला की आरत्या त्यानेच उचलायच्या असतात; त्यातून तो जाखडीच्या, म्हणजे कोकणातल्या लोकनृत्याच्या, बारीत गाणारा असेल, तर रात्री वेगळ्या. विसर्जनानंतर मुंबईची अंतिम फेरी, मग सत्र परीक्षा, दिवाळीत ठिकठिकाणचे पहाटेचे कार्यक्रम. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर राज्यातील विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव आणि त्याच्या आधीचे सराव शिबिर. त्यानंतर पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ महोत्सव, तिथे यश मिळाले तर राष्ट्रीय फेरी. जानेवारीत महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, आणि रत्नागिरीसारख्या संगीत नाटकवेड्या गावात त्याच सुमारास एखाद्या संस्थेच्या नाटकातली भूमिका. जुलैत सुरू झालेले हे चक्र फेब्रुवारी उलटला तरी थांबत नाही, आणि अभ्यास, हजेरी, प्रात्यक्षिके हे सारे त्याच्या जोडीला चालूच असते.

या सगळ्याला माझा विरोध आहे असे कृपया समजू नये. समूहगानात उभे राहिलेले मूल शेजाऱ्याचा स्वर ऐकायला शिकते, आणि हे शिक्षण वर्गातल्या बाकावर मिळत नाही. गाण्यांचे संच घेऊन गावोगाव फिरण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी ती रुजवली आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने, वसंत बापटांसारख्या कवींच्या साथीने, ती खेड्यापाड्यांत नेली. प्रश्न आहे तो आजच्या स्पर्धांनी या परंपरेला दिलेल्या वळणाचा.

स्पर्धेच्या दिवसाचेच उदाहरण घेऊ. आंतरविद्यापीठ महोत्सवांच्या नियमांनुसार समूहगानाच्या संघात जास्तीत जास्त सहा गायक आणि तीन साथीदार असतात, सादरीकरणाला १० मिनिटे मिळतात आणि मांडणीला ४ मिनिटे. चित्रपटगीत चालत नाही. विद्यापीठांतर्गत फेऱ्याही साधारण याच धर्तीवर होतात. या १० मिनिटांसाठी मुलांना सकाळी नऊला हजर राहायला सांगितले जाते. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो, वेळ मात्र ठरत नाही. उद्घाटन लांबते, पाहुण्यांचे भाषण लांबते, आधीची स्पर्धा त्याच रंगमंचावर अजून चालू असते. मुले जिन्याच्या पायऱ्यांवर, व्हरांड्यात, जागा मिळेल तिथे पेटी काढून बसतात. ‘आता तीनच संघ राहिले’ असे कोणीतरी सांगत येते, की गळा तापवायला सुरुवात होते. मग कळते की परीक्षकांची जेवणाची वेळ झाली आहे. तासाभराने पुन्हा तोच प्रकार. त्या व्हरांड्यात पाच-सहा संघ एकाच वेळी वेगवेगळ्या पट्ट्यांत आपापली गाणी घोळत असतात, त्यामुळे स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो. जेवण करावे तर पोट जड होऊन श्वास पुरणार नाही ही भीती, न करावे तर अंगात त्राण नाही. पाणी प्यायला मुली कचरतात, कारण नेसलेली नऊवारी आणि प्रसाधनगृहाची अवस्था. रात्री साडेआठ-नऊला जेव्हा नाव पुकारले जाते, तेव्हा रंगमंचावर जातो तो सहा-सात वेळा तापवलेला, कोरडा पडलेला गळा. त्यानंतर ध्वनिव्यवस्था पाहणारा गृहस्थ सहा जणांसाठी दोनच माईक ठेवून जातो आणि मुले उरलासुरला आवाजही त्या माईकवर ओततात.

वास्तविक यातला बराचसा त्रास कागद-पेन्सिलीने टाळता येण्यासारखा आहे. प्रत्येक संघाला १० अधिक ४ अशी १४ मिनिटे धरली, तर वीस संघांना ४ तास ४० मिनिटे लागतात. क्रम आदल्या दिवशी काढला, तर बाराव्या संघाने साधारण कधी यायचे हे कोणालाही सांगता येईल. पंधरा-वीस मिनिटांचा फरक मुले आनंदाने सोसतील. त्यांना सोसवत नाही ते दिवसभराचे अनिश्चित ताटकळणे.

गळ्याला काय सोसावे लागते, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण बाहेरून काही दिसत नसल्यामुळे त्याचे गांभीर्य कोणाला जाणवत नाही. पेटीवरची जी पट्टी षड्ज, म्हणजे ‘सा’, मानून गायचे, तिच्या नावाने गायकाची पट्टी ओळखतात; आपल्या गायिका सर्वसाधारणपणे पांढरी पाच ते काळी पाच या पट्ट्यांत गातात. काळी चारचा मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला ‘सा’, सेकंदाला सुमारे २०८ कंपनांचा आणि तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला ‘सा’, त्याच्या दुप्पट, म्हणजे ४१५ च्या घरात. याचा अर्थ, तार षड्जावर चार सेकंद स्थिरावणाऱ्या मुलीचे दीड सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे दोन स्वरतंतू तेवढ्या अवधीत १६०० हून अधिक वेळा एकमेकांना भिडलेले असतात. ते ओलसर आणि विसावलेले असतील तर हे काम ते सहज करतात. ते कोरडे पडले, सुजले, आणि तरीही त्यांच्याकडून तेच काम जोर लावून करून घेतले, की आवाज फाटू लागतो; हेच महिनोन् महिने चालले तर त्यांच्यावर गाठी येऊ शकतात. शिवाय मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक मुलींच्या स्वरतंतूंवर किंचित सूज असते आणि वरचे स्वर लागायला जड जातात. हे मुलीला माहीत असते, पण बहुतेक ठिकाणी मार्गदर्शक पुरुष असल्यामुळे ती ते सांगू शकत नाही आणि ‘आज तुझे लक्ष नाही’ असे बोल ऐकून घेते.

समूहगानाची रचना करणाऱ्या आम्हा मंडळींकडेही या दोषाचा मोठा वाटा जातो. मुलगे साधारणपणे काळी एक-काळी दोनमध्ये गातात आणि मुली काळी चारच्या आसपास. म्हणजे काळी एकमधल्या मुलांचा पंचम, अर्थात ‘प’, तो काळी चारमधल्या मुलींचा षड्ज. तरीही आपल्या बहुतेक समूहगानांत तीन मुलगे आणि तीन मुली आरंभापासून शेवटपर्यंत एकच चाल एकाच पट्टीत गातात. तडजोड म्हणून काळी तीन धरली, की मुली सुखात असतात आणि तार सप्तकात मुलांच्या मानेच्या शिरा फुगतात. काळी एक धरली, तर मुलींना एक तर खर्जात कुजबुजावे लागते किंवा एक सप्तक वर जाऊन किंचाळावे लागते. त्यातच शेवटचे कडवे तार सप्तकात नेऊन टाळी घेण्याचा मोह कोणालाही आवरत नाही. ज्या मुलांकडून आपण हे करून घेतो, ती अठरा-एकोणीस वर्षांची असतात आणि त्यांचा आवाज अजून पुरता स्थिरावलेलाही नसतो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नॉर्थफील्ड या छोट्या गावी सेंट ओलाफ नावाचे महाविद्यालय आहे. तेथील गायकवृंद १९१२ साली एफ. मेलियस ख्रिश्चनसेन यांनी स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी तो नॉर्वेच्या दौऱ्यावर गेला होता. साधारण पंचाहत्तर विद्यार्थ्यांचा हा वृंद आजही दर हिवाळ्यात दौरा करतो. गाताना हे विद्यार्थी एकमेकांचे हात धरून उभे असतात. त्यांचे संगीत वेगळे आणि साधनेही मुबलक, तेव्हा त्यांची नक्कल करा असे मी म्हणणार नाही. तरीही दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. त्यांच्याकडे उंच आणि खालच्या आवाजांच्या मुली, उंच आणि खालच्या आवाजांचे मुलगे अशा चार गटांना चार वेगळे स्वरपट्टे लिहून दिलेले असतात, त्यामुळे कोणालाही आपल्या गळ्याबाहेर जावे लागत नाही. दुसरे असे, की दौरा दोन सत्रांच्या सांध्यावर ठेवलेला असतो, म्हणजे गाणे आणि परीक्षा यांची टक्कर मुळातच टाळलेली असते. येल विद्यापीठातील ‘व्हिफनपूफ्स’ हा १९०९ पासूनचा चौदा गायकांचा संच तर याच्याही पुढे गेला होता: काही वर्षे त्यातले विद्यार्थी जगभराच्या दौऱ्यासाठी शिक्षणातून वर्षभराची रीतसर रजा घेत असत. आपल्याकडे वर्षाची रजा कोणी मागत नाही, परंतु अंतर्गत चाचणी चार दिवस पुढे ढकलून मिळावी एवढी मागणी करायलाही मुलांना प्राध्यापकांच्या खोलीबाहेर तासभर उभे राहावे लागते.

पट्टीच्या अडचणीवर आपल्याच संगीतातून उपाय निघू शकतो. मुलांनी खाली षड्ज-पंचमाचा भरणा धरावा आणि मुलींनी वर चाल गावी, काही ओळी फक्त मुलांना द्याव्यात, कडव्याच्या अखेरीस सगळ्यांनी आपापल्या सोयीच्या सप्तकात यावे, अशा रचना करता येतात आणि त्या कानाला गोडही लागतात. एका वर्षी आम्ही कोळीगीताच्या धर्तीवरचे गीत अशा पद्धतीने बसवले होते. त्यातला खालच्या आवाजाचा मुलगा आधीच्या वर्षी तार सप्तकात तोंड नुसते हलवत असे, त्यालाच आम्ही पहिली ओळ दिली, आणि सभागृह त्या ओळीलाच शांत झाले. पारितोषिक मिळाले नाही, पण परतीच्या गाडीत सहाही जण गात होते, जे एरवी होत नाही.

परतीच्या गाडीचा विषय निघालाच आहे, तर प्रवासाबद्दलही लिहिते. कोकणातून मुंबईला जाणारा संघ बहुतेक वेळा रात्रीच्या गाडीने निघतो, कारण त्यामुळे एका मुक्कामाचा खर्च वाचतो. आरक्षण मिळालेले नसते किंवा अर्ध्याच जणांचे मिळालेले असते. पावसाळी वेळापत्रकामुळे गाड्या आधीच सावकाश धावतात. मुले रात्रभर तबला-पेटी सांभाळत बसतात, गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवून गप्पा मारतात, आणि सकाळी उतरून थेट स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचतात. जागरण आणि मोठ्याने बोलणे या दोन गोष्टी गळ्याला जेवढ्या बाधतात, तेवढे प्रत्यक्ष गाणे बाधत नाही. एका मुक्कामाच्या खर्चाची तरतूद केली आणि आदल्या दुपारी मुलांना पोहोचवले, तर निकालातही फरक पडेल. क्रीडास्पर्धेला जाणाऱ्या संघाने आदल्या दिवशी पोहोचावे, हे सर्वांना पटते. कबड्डीच्या खेळाडूचा पाय मुरगळला, तर त्याला बाहेर बसवून राखीव खेळाडू उतरवतात. गायिकेचा आवाज बसला तर मात्र तिला आल्याचा रस पाजून उभे केले जाते, कारण संघ सहाचाच बसवलेला असतो, सातवी कोणी तयारच नसते. पथकाच्या एकूण संख्येवरही मर्यादा असते. त्यामुळे एकच गुणी मुलगी शास्त्रीय गायन, नाट्यगीत आणि समूहगान अशा तीन ठिकाणी नाव देते आणि तिन्ही फेऱ्या एका दिवशी येतात. समूहगानासाठी दोन राखीव गायकांची नावे नोंदवण्याची आणि ती पथकाच्या संख्येत न धरण्याची सोय विद्यापीठांनी करून दिली, तर या मुलींवरचा ताण निम्म्याने उतरेल.

गळा बसल्यावर जे उपचार होतात, त्यांबद्दल न लिहिलेलेच बरे, पण लिहिते. खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीचे दूध यांनी बरे वाटते आणि अपायही होत नाही. ‘बोलू नकोस, नुसते कुजबुज’ हा सल्ला मात्र सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. जोर लावून कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो, त्यापेक्षा पूर्ण मौन किंवा हळू आवाजातले साधे बोलणे चांगले. सर्वांत घातक प्रकार म्हणजे औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून त्यांच्या बळावर गाणे. दुखणे हा थांबण्याचा इशारा असतो, तो गोळीने दाबला की मुलगी सुजलेल्या गळ्यावर पूर्ण ताकदीने गाते. आवाजाचा खरखरीतपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यायलाच हवे. गाठी सुरुवातीलाच लक्षात आल्या, तर बहुतेकदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामांनी बऱ्या होतात. पूर्वी आमच्याकडे गाणाऱ्या एका मुलीला हे फार उशिरा कळले. हंगाम संपेपर्यंत थांबू, असे घरच्यांनी आणि महाविद्यालयाने मिळून ठरवले होते. ती आज बँकेत नोकरी करते, चांगली आहे, घरी पाहुणे आले की पेटी वाजवते. गायचा आग्रह आम्ही करत नाही.

संगीत नाटकांविषयी स्वतंत्र उल्लेख करते, कारण राज्य नाट्य स्पर्धेत त्यांचा वेगळा विभाग असल्याने महाविद्यालयीन मुले-मुली दरवर्षी त्यांत मोठ्या प्रमाणावर उतरतात आणि तालमी महिना-दीड महिना रोज रात्री चालतात. तालमीत गद्य संवाद पूर्ण आवाजात आणि पदेही पूर्ण आवाजात, असा शिरस्ता असतो. पदे आठवड्यातून एखाद-दोनदाच पूर्ण आवाजात गाऊन घ्यावीत आणि बाकी दिवशी खालच्या स्वरात फक्त पदांतल्या स्वरांच्या जागा आणि ताल पाहावेत, असे काही जुने जाणते ऑर्गनवादक सांगतात, त्यांचे ऐकावे. जुन्या काळचे गायक नट रात्ररात्र गात असत, हा दाखला इथे हमखास दिला जातो. तो अपुरा आहे. त्या नटांचा तो व्यवसाय होता, त्यांचा दिवस त्या रात्रीसाठी राखलेला असे. आमची नायिका सकाळी साडेसातच्या तासिकेला हजर नसेल, तर तिची ७५ टक्के उपस्थिती भरत नाही.

हजेरी आणि गुणांबाबत परिस्थिती अगदीच निराशाजनक नाही, हेही नमूद करायला हवे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत सहशैक्षणिक उपक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत आणि त्यांत सांस्कृतिक कार्यक्रम व प्रयोगकलांचा समावेश आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सत्रात ३० तास धरतात. समूहगानाच्या संघातले मूल एवढे तास पहिल्या फेरीच्या आधीच भरून काढते. तेव्हा या तासांची नोंद मार्गदर्शकाने ठेवावी, महाविद्यालयाने ती मान्य करावी, आणि त्याच नोंदवहीत विश्रांतीचे दिवसही लिहिले जावेत. विश्रांती कागदावर आली, तरच ती घेतली जाईल. ‘जमेल तेव्हा आराम कर’ या सांगण्याला आपल्याकडे काहीही अर्थ नसतो.

येत्या जुलैत नवा हंगाम सुरू होईल. विभागीय फेऱ्यांची परिपत्रके निघण्याआधी विद्यार्थी विकास विभागाने संगीत स्पर्धांसाठी संघनिहाय अंदाजे वेळा आदल्या सायंकाळी जाहीर करण्याची, राखीव गायकांची आणि एकाच गायकाच्या दोन फेऱ्यांत किमान काही तासांचे अंतर ठेवण्याची अट त्यांत घालावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करते. यांपैकी पहिल्या गोष्टीला तर एक रुपयाही खर्च येणार नाही. स्पर्धेच्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याची आणि मुलींसाठी स्वच्छ प्रसाधनगृहाची सोय आहे की नाही, हे यजमान महाविद्यालय ठरवतानाच पाहिले जावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, रत्नागिरी